टोमॅटोचा डबा, नुरा कुस्ती आणि जोड लावणारे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय: क्रीडा पानावरचा 'टोमॅटो कॅन'

मागच्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर बॉक्सिंगमधल्या टोमण्यांवर एक छोटा लेख आला होता. वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडं क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला अर्धा कॉलम मिळाला तरी कात्रण काढून ठेवावं लागतंय. पण त्यात दोन गोष्टी अशा लिहिल्यात की गप्प बसवंना. एक म्हणजे कमजोर बॉक्सरला टोमॅटो कॅन म्हणतेत कारण पब्लिक त्याला टोमॅटो फेकून मारायचं, आणि दुसरी म्हणजे अशा बॉक्सरसोबतची फाईट म्हणजे आपली नुरा कुस्तीच, म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेली. पहिल्या गोष्टीनं कुणाचं काही बिघडत नाही. दुसरीनं बिघडतंय. मी निलंग्याकडचा, तालमीतला माणूस, आता खताचं दुकान बघतो पण कान अजून मोडलेलेच हायेत, आणि शटर ओढल्यावर मोबाईलवर जुन्या जुन्या फाईट लावून बसायचा नाद लागलाय, बायको म्हणते त्या गोऱ्यांचं काय बघत बसता रात्रभर, तर त्या नादातून जे गोळा झालं ते लिहितोय. जागा नसली तर काटछाट करा पण नुरा कुस्तीचा भाग तेवढा ठेवा.

तर आधी डबा. टोमॅटो कॅनमध्ये महत्त्वाचा आहे तो कॅन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत पत्र्याच्या डब्यातले टोमॅटो म्हणजे गोरगरिबाच्या घरातला स्वस्तातला माल. तो डबा हाणला की चेपतो, आणखी हाणला की फुटतो आणि आतून लाल रस गळायला लागतो. बॉक्सर पण तसाच फुटतो म्हणून डबा, एवढं सरळ आहे ते. मारणाऱ्याला काही त्रास नाही, बघणाऱ्याला लाल रंग दिसतो, तिकिटाचे पैसे वसूल. फेकाफेकीचा संबंध नाही. पण ह्या डब्याच्या खाली अजून एक थर आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रिकामा टोमॅटोचा डबा त्या काळी रेल्वेच्या कडेकडेनं भटकणाऱ्या बेघर लोकांचं भांडं होतं, त्यातच शिजवायचं, त्यातच प्यायचं, दारूच्या दुकानाबाहेर टाकलेल्या पिपात तळाला उरलेली बिअर त्यातच ओतून घ्यायची. अशा माणसाला तिकडं डब्याच्या नावानंच हिणवायचे. म्हणजे बॉक्सरला डबा म्हणताना तो लवकर चेपतो एवढंच म्हणायचं नसतं, तो कुठल्या थरातून आलाय ते पण त्याच शब्दात सुनावून होतं.

हे एका शब्दाचं नाही, सगळ्यांचंच बघा. 'बम' हा शब्द बॉक्सिंगमध्ये सगळ्यात जास्त वापरला जातो. जर्मन लोक अमेरिकेत जाऊन वसले, त्यांच्या भाषेत उंडारणाऱ्या माणसाला बुमलर म्हणायचे, त्याचं तिकडं बमर झालं. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात जनरल शर्मनच्या फौजेतले जे शिपाई गावात घुसून कोंबड्या, धान्य, डुकरं उचलून आणायचे त्यांना बमर म्हणायचे, मग शेपूट गळून बम राहिलं आणि ते रिंगच्या कडेला येऊन बसलं ते आजपर्यंत. 'हॅम अँड एगर' म्हणजे हॅम आणि अंड्याच्या एका ताटापुरत्या पैशावर रिंगात उतरणारा. आपल्याकडं जत्रेत सुरुवातीला रेवड्यांच्या कुस्त्या लागतेत, लेकरं लंगोट सावरत येतेत, जिंकलं तरी रेवडी आणि हरलं तरी रेवडी, आणि सगळा फड टाळ्या वाजवतोय. हिशोब तोच आहे, पोटापुरत्या खाऊवर लढणं, पण आपण तो सात-आठ वर्षांच्या लेकराला कौतुकानं लावतो आणि तिकडं तिशीतल्या पोराबाळांच्या बापाला लावला म्हणून त्याची शिवी झाली.

'कॅनव्हसबॅक' ऐकून मला आधी वाटलं असंल कुठला डाव. ते एका रानबदकाचं नाव आहे, आणि रिंगची जमीन कॅनव्हासची असते, तर ज्याची पाठ सारखी त्या कॅनव्हासला लागते त्याला ते नाव चिकटलं. आपल्याकडं पाठ लागली की कुस्तीच संपली त्यामुळं असा शब्द आपल्यात तयारच झाला नसता. काचेचा जबडा, म्हणजे एका ठोशात आडवा होणारा, हा तर आता मराठी कॉमेंट्रीत पण येतोय, त्याचं काही सांगायला नको.

'पलूका' ह्या शब्दाचं जरा थांबून सांगतो कारण तिथं तुमच्या धंद्याचा संबंध येतोय. धडपडणारा, ठोकळ्यासारखा, अक्कल नसलेला बॉक्सर म्हणजे पलूका. १९२० च्या दशकात 'व्हरायटी' नावाच्या नाटक-सिनेमाच्या साप्ताहिकात जॅक कॉनवे नावाचा लेखक होता, असले शब्द तयार करण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हता, आणि पलूकाचं श्रेय त्यालाच देतेत. मग १९३० मध्ये हॅम फिशर ह्या चित्रकारानं पेपरात 'जो पलूका' नावाची चित्रमालिका सुरू केली आणि तिचा हिरो कोण, तर साधाभोळा, सज्जन, आणि चक्क हेवीवेट चॅम्पियन! शिवी होती तिचं घराघरातलं लाडकं नाव झालं. हे फार कमी वेळा होतं.

आणि तुमच्याच धंद्यातलं दुसरं उदाहरण तर लईच भारी आहे. जो लुईस. १९३७ ते १९४९ हेवीवेट चॅम्पियन, २५ वेळा बेल्ट राखला. डिसेंबर १९४० ते जून १९४१ ह्या सात महिन्यात दर महिन्याला एक अशी त्यानं टायटल फाईट केली, आजचे चॅम्पियन वर्षाला दोन करताना पण दमतेत. त्या काळी अमेरिकेत दर महिन्याला एक पुस्तक घरपोच पाठवणारी स्कीम जोरात होती, त्यावरून जॅक मायली ह्या क्रीडा पत्रकारानं लुईसच्या ह्या मालिकेला नाव ठेवलं, 'बम ऑफ द मंथ क्लब', म्हणजे दर महिन्याला एक फालतू गडी. नाव इतकं झकास बसलं की आज ८० वर्षं झाली तरी निघत नाही. आता हे फालतू गडी कोण होते बघा. मार्चमधला एब सायमन, डेट्रॉइटला लुईससमोर तेराव्या राऊंडपर्यंत उभा होता. मे महिन्यातला बडी बेअर, त्यानं पहिल्याच राऊंडला लुईसला असा ठोसा दिला की चॅम्पियन दोरीतून थेट रिंगच्या बाहेर! आणि जूनमधला बिली कॉन, तो तर लाईट हेवीवेटचा चॅम्पियन होता, ह्या फाईटसाठी त्यानं स्वतःचा बेल्ट सोडला, वजनात लुईसपेक्षा कितीतरी हलका, आणि १८ जून १९४१ ला न्यूयॉर्कमध्ये १२ राऊंड झाल्यावर तीनपैकी दोघा पंचांच्या कार्डावर तो पुढं होता. नुसतं पळत राहिला असता तरी चॅम्पियन झाला असता. पण गड्याला वाटलं आपण लुईसला नॉकआऊटच करू, तेराव्याला अंगावर गेला आणि तिथंच झोपला. ह्याला बम म्हणायचं का? पेपरवाल्यानं एक झकास लाईन टाकली आणि सात माणसं आयुष्यभर तिच्याखाली राहिली. अल मॅकॉय, रेड बर्मन, गस डोराझिओ, टोनी मस्टो ह्यांची नावं तरी कोण घेतंय आता, सगळे मिळून एक क्लब.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. ह्या शिव्यांचा उगम कुठं आहे असं तुमचा लेख विचारतोय, तर मला वाटतं तो ठोशात नाही, जोड लावण्यात आहे. जिथं समोरचा गडी निवडता येतो तिथंच असले शब्द उगवतेत. ऑलिम्पिकमध्ये ड्रॉ निघतो, चिठ्ठीत जो आला तो आला, तिथं कुणी कुणाला डबा म्हणून मागवू शकत नाही. विजेंदरनं २००८ ला बीजिंगमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा समोर कोण येणार हे त्याच्या हातात नव्हतं. तोच विजेंदर २०१५ ला प्रोफेशनल झाला, आता जोड लावणारे आले, ओळीनं १२ फाईट जिंकला, आणि लगेच चहाच्या टपरीवरचे एक्स्पर्ट म्हणायला लागले की अरे समोर कोण असतंय त्याच्या, सगळे डबे. मग २०२१ मध्ये गोव्याला जहाजावर रशियाचा लोप्सान आला, त्याचं नाव आधी इकडं कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यानं विजेंदरला हरवलं. टपरीवर शांतता. आता हरल्यावर कळतंय की समोर डबा नव्हता, मग आधीचे बारा डबेच होते हे कशावरून ठरवलं होतं?

प्रोफेशनल बॉक्सिंगचा धंदा कसा चालतो ते एकदा समजून घेतलं की शिवी कुणाला लागायला पाहिजे ते आपोआप कळतंय. एखादा पोरगा दिसायला बरा, ठोसा बरा, गावात मित्रमंडळी लई, तर प्रमोटर त्याचा रेकॉर्ड तयार करायला घेतो. दहा-शून्य, पंधरा-शून्य, म्हणजे दहा-पंधरा जिंकल्या आणि हरली एकही नाही, ते शून्य जितके दिवस टिकंल तितका त्याचा भाव वाढतो, टीव्हीवाले तेच शून्य बघून पैसे देतेत. मग समोर कोण पाहिजे तर असा, की जो हरंल, पण पहिल्या मिनिटात पडणार नाही, पब्लिकला चार राऊंड दाखवंल, आणि आपल्या पोराला नडंल अशी स्टाईल नसंल. मॅचमेकर नावाचा माणूस हेच काम करतो. तो डावखुरा नको हे बघतो, उंची बघतो, मागची फाईट कधी झाली बघतो, आणि मुद्दाम ऐनवेळी फोन लावतो म्हणजे तयारीला वेळ मिळायला नको. ह्या सगळ्यातलं काहीच समोरच्या गड्याच्या हातात नसतं. त्या धंद्यात अशा गड्याला नुसतं 'ऑपोनंट' म्हणतेत, म्हणजे प्रतिस्पर्धी, हाच त्याचा हुद्दा. मला तर ह्या सगळ्या शब्दात हाच सगळ्यात जास्त टोचला, त्यात शिवी पण नाही.

इंग्लंडमध्ये अशा लोकांना 'जर्नीमन' म्हणतेत. आपल्याला वाटतं प्रवास करणारा, पण तो शब्द दिवसावरून आलाय, पूर्वी सुतार-लोहार-गवंड्याकडं काम शिकून तयार झालेला पण स्वतःचं दुकान नसलेला कारागीर दिवसाच्या मजुरीवर जायचा, तो जर्नीमन. थोडक्यात रोजंदारीवाला, पण काम येणारा. बर्मिंगहॅमचा पीटर बकली ह्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला. १९८९ ते २००८, बरोबर ३०० फाईट. जिंकल्या ३२, हरल्या २५६, बाकी १२ बरोबरीत. आकडा बघून हसू येईल. पण हा गडी नसीम हमीदसारख्या पुढं जगज्जेता झालेल्या पोरांसमोर उभा राहिलाय, आणि बहुतेक वेळा शेवटच्या घंटेपर्यंत उभा. का, तर तिकडं नॉकआऊट झाला की बॉक्सिंग बोर्ड ठरावीक दिवस रिंगबंदी घालतं, म्हणजे तेवढे दिवस चूल बंद. म्हणून हे लोक मार कसा चुकवायचा, मिठी कधी मारायची, कोपऱ्यातून कसं सटकायचं ह्यात एवढे पक्के असतेत की भारी भारी पोरं त्यांना पाडू शकत नाहीत. आणि दुसरी गंमत ऐका, छोट्या हॉलमधल्या शोला घरचा पोरगा स्वतः तिकिटं विकतो, काका-मामा-मित्र-ऑफिसवाले सगळ्यांना, आणि त्या तिकिटाच्या पैशातूनच समोरच्या रोजंदारीवाल्याला त्याची मजुरी जाते. आता ह्या बाहेरच्या गड्यानं त्या पोराला त्याच्या दोन-चारशे पाहुण्यांसमोर हरवलं तर काय होईल? पोराच्या तिकिटांचं बुकिंग बसंल, आणि ह्याचा फोन वाजायचा बंद होईल. जिंकणं परवडत नाही असा हा धंदा. तरी शेवटची, तीनशेवी फाईट बकली आपल्याच गावात पॉइंटवर जिंकला आणि घरी गेला, त्याच्या आधी कित्येक वर्षं त्यानं विजय बघितला नव्हता.

आता नुरा कुस्ती. साहेब, नुरा कुस्ती म्हणजे दोन्ही पैलवानांनी आधीच बसून ठरवलेलं असतं, कोण पडणार, किती मिनिटं झुलवायचं, इनामाचे किती-किती. दोघं मिळून पब्लिकला येड्यात काढतेत. टोमॅटो कॅनचं तसं नसतं. त्याला कुणी पड म्हणून सांगितलेलं नसतं, सांगायची गरजच नसते. तो खराखुरा मार खातो, खराखुरा जिंकायला बघतो, फक्त जोडच अशी लावलीय की त्याचा नंबर लागू नये. पैसे घेऊन मुद्दाम आडवा होणारा वेगळा, त्याला बॉक्सिंगमध्ये टाकीत उडी मारली म्हणतेत, ती खरी नुरा. तुमच्या लेखानं दोन्ही एका ओळीत बसवल्यामुळं झालं काय, की जो प्रामाणिकपणे मार खातोय तोच लबाड ठरला आणि ज्यानं जोड लावली तो लेखात कुठंच नाही.

आणि ठरवून लावलेली जोड पण फसते बरं का. १९७५ मध्ये मोहम्मद अलीसमोर चक वेपनर नावाचा दारूचा सेल्समन उभा केला, त्याचं टोपणनावच मुळी 'रक्तगळ्या' अशा अर्थाचं, चेहरा सारखा फुटायचा म्हणून. डब्याची व्याख्या म्हणावी असा गडी. त्यानं नवव्या राऊंडला अलीला खाली बसवलं आणि पंधराव्या राऊंडला फक्त १९ सेकंद बाकी असताना रेफरीनं थांबवली तेव्हा कुठं हरला. फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसवर माईक टायसनसमोर ४२ ला १ असा भाव होता, लास वेगासमध्ये बहुतेक अड्डे तर त्या फाईटवर बेटच घेत नव्हते. दहाव्या राऊंडला टायसन गुडघ्यावर आणि तोंडातून पडलेला माऊथपीस चाचपडतोय. आपल्या क्रिकेटमधलं सांगायचं तर १७ मार्च २००७, वेस्ट इंडिजमधला वर्ल्डकप, एकाच दिवशी बांगलादेशनं आपल्याला आणि आयर्लंडनं पाकिस्तानला पाणी पाजलं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत सगळे मराठी पेपर ह्या दोन्ही टीमना लिंबूटिंबू लिहीत होते. दुसऱ्या दिवशी शब्द बदलला, 'धक्कादायक'.

जत्रेतल्या फडात जोड कशी लागते हे शहरातल्या वाचकांना माहीत नसतंय म्हणून सांगतो. हलगी वाजत असते, फडाच्या मधोमध दोन-तीन जुने वस्ताद फेटा बांधून उभे, एकाच्या हातात माईक. पोरगं येतं, हात वर करून फडाभोवती एक चक्कर मारतं. तिकडून दुसरं येतं. वस्ताद दोघांना शेजारी शेजारी खांद्याला खांदा लावून उभं करतेत, मागून मान बघतेत, पाठीवर थाप मारतेत, दंड चेपून बघतेत, ना काटा ना वजन, सगळं नजरेवर. एकदा आमच्या शेजारच्या गावच्या जत्रेत कमिटीतल्या एका पुढाऱ्यानं आपल्या भाच्यासाठी एक बारकं, उन्हानं रापलेलं पोरगं ओढून आणलं, पायात सपाता पण नव्हत्या त्याच्या, भाचा मस्त दूधतुपावर पोसलेला. माईकवर नाव पुकारलं आणि एका बाजूनं आवाज उठला, जोड बराबर न्हाई, जोड बराबर न्हाई! हलगी थांबली. म्हाताऱ्या वस्तादानं त्या बारक्याचा हात धरून त्याला बाजूला केलं आणि पुढाऱ्याकडं बघून माईकवरच म्हणला, भाच्याला घिस्सा डाव शिकवायचाय तर घरी शिकवा. सगळा फड हसला. लक्षात घ्या, शिट्ट्या पुढाऱ्याला पडल्या. त्या पोराला कुणी कच्चं म्हणलं नाही, काडीपैलवान म्हणलं नाही. पुढच्या जोडीत त्याला त्याच्या मापाचा गडी मिळाला, कुस्ती बरोबरीत सुटली आणि त्याला लोकांनी खिशातून पैसे दिले. आमच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, त्यांच्या भागातल्या लोकांना जोड ओळखता येते एवढं तर मानाल.

आमच्याकडं सगळं असंच गोडीगुलाबीत चालतं असं माझं म्हणणं नाही. इनाम मोठं झालं की आमचे पण वस्ताद डोळे झाकतेत, आणि नुरा तर मोठ्या मोठ्या फडात होते, सगळ्यांना ठाऊक आहे.

हे सगळं लिहायचं दुसरं कारण पण आहे. माझ्या मावसभावाचा पोरगा बॉक्सिंग करतो. मागच्या वर्षी त्याला एका मोठ्या शहरातल्या प्रमोटरचा बुधवारी फोन आला, वजन किती, साठ किलोत बसतोस का, शनिवारी ये, गाडीभाडं देतो. कोचला सुट्टी मिळंना म्हणून पोरगा एकटाच रातच्या ट्रॅव्हल्सनं गेला. इंस्टावर जे पोस्टर फिरत होतं त्यात त्यांच्या बॉक्सरचा मोठा फोटो, बेल्ट, आग, वीज, आणि शेजारी समोरच्याच्या जागी एक काळी सावली आणि तिच्यावर प्रश्नचिन्ह. ती काळी सावली म्हणजे आमचा पोरगा. हाताला पट्ट्या बांधायला स्वतःचं माणूस नाही, दुसऱ्याच कुणाच्या कोचनं घाईघाईत बांधून दिल्या, वजन उतरवायला दोन दिवस धड जेवलेला नाही. तिसऱ्या राऊंडला रेफरीनं थांबवली. ह्याचं मला वाईट नाही, खेळ आहे, हरजीत चालायचीच. पण दुसऱ्या दिवशी तिथल्या एका पेपरात बातमी आली, अमुकतमुकनं प्रतिस्पर्ध्याला धूळ चारली. प्रतिस्पर्ध्याला. नाव नाही, गाव नाही, तीन दिवस आधी बोलावलं हे नाही. पोरानं ते कात्रण पण आईला दाखवायला आणलं होतं, दाखवायचं काय त्यात.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे, शब्द वापरू नका असं मी म्हणत नाही, लिंबूटिंबू पण लिहा, डबा पण लिहा, खेळाची भाषा मिळमिळीत झाली तर आम्ही वाचणार पण नाही. पण बॉक्सिंगची बातमी देताना हरणाऱ्याचं नाव आणि गाव छापा, त्याचा रेकॉर्ड जिंकणाऱ्याच्या शेजारी छापा, त्याला किती दिवस आधी कळवलं ते विचारा, आणि जोड कुणी लावली त्या माणसाचं नाव पण टाका. पंधरा-शून्यवाल्याच्या समोर सात फाईट ओळीनं हरलेला गडी उभा केला असंल तर हेडिंग त्या जोड लावणाऱ्यावर करा, बघा मग कसा फोन येतो तुम्हाला.

आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला तुमचा माणूस दरवर्षी येतो, घोडे-गाढवांच्या बाजाराचे फोटो काढतो, शेवटच्या मोठ्या कुस्तीचा निकाल घेतो आणि जातो. ह्या वेळी त्याला सकाळीच फडात पाठवा, रेवड्यांच्या कुस्त्या लागतेत तेव्हा, आणि वस्तादांच्या शेजारी उभा राहू द्या.

कळावे,
आपला जुना वाचक,
ता. निलंगा, जि. लातूर